एकांकातील एक दिवस : ससिक-रक्षण लीळेचा विचार

सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंच्या लीळांचा जो महाग्रंथ म्हाइंभटांच्या परिश्रमाने आपणास लाभला, त्याचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. पूर्वार्ध-उत्तरार्धात स्वामींच्या सन्निधानी भक्तपरिवार आहे. बाइसा सेवेत आहेत, भटोबास श्रवण करीत आहेत, महदाइसा प्रश्नामागून प्रश्न विचारीत आहेत. एकांकात यांपैकी कोणी नाही. तेथे स्वामी आहेत आणि समोर वाट आहे. क्वचित कोणी भेटतो, काही काळ सोबत करतो आणि मागे राहतो. महाराष्ट्रातील एका पदयात्रेची इतकी जुनी आणि इतकी सविस्तर हकीकत मराठीत दुसरी नाही. नित्य पारायण करणारे साधक एकांकातून बहुधा लवकर पुढे सरकतात, कारण निरूपणाची सूत्रे पुढील भागांत अधिक आहेत. तथापि अटनाचा खरा अर्थ ज्याला जाणून घ्यावयाचा आहे, त्याने एकांकापाशी थांबले पाहिजे. प्रस्तुत लेखात त्या दीर्घ परिभ्रमणातील एकाच दिवसाचा विचार करावयाचा आहे.

तो दिवस समजण्यासाठी आधीचा वृत्तान्त थोडक्यात पाहू. गुजरात देशी भडोच येथे प्रधान विशाळदेव व माल्हणदेवी यांचे पुत्र हरिपाळदेव होते. त्यांच्या देहाचा स्वीकार द्वारावतीकार श्रीचक्रपाणि प्रभूंनी केला, ही आपल्या संप्रदायाची श्रद्धा सर्वश्रुत आहे. प्रधानपुत्राचे ऐश्वर्य, पत्नी कमळाइसा, द्यूताचे व्यसन, सर्व काही राजकुळास साजेसे होते. एकदा द्यूतात हार झाली. देणे फेडण्यासाठी पत्नीजवळ अलंकार मागितले, तेव्हा तिने नकार दिला. बाहेरून पाहता प्रसंग लहान, घरोघरी घडणारा. परंतु संसारातील आपलेपणाची सीमा कोठे आहे, हे त्या नकाराने उघड झाले. त्यानंतर रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून स्वामी निघाले. प्रधानपुत्राबरोबर अर्थातच लवाजमा होता. तो वाटेवाटेने परत पाठविला गेला आणि शेवटी स्वामी एकटे राहिले. भडोचपासून ऋद्धिपुरापर्यंत सरळ रेघ ओढली तरी अंतर सुमारे ५०० किलोमीटर भरते. तापीकाठच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या वळणांनी ते किती वाढले असेल, हे त्या मुलखातून पायी गेलेल्यालाच कळेल.

ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली. शेंगुळ्याच्या प्रसादाची ती लीळा सर्वांच्या नित्य स्मरणात आहे. तेथे ज्ञानशक्तीचा स्वीकार करून स्वामी जवळच्या सालबर्डीच्या डोंगरात गेले आणि परंपरेने मानल्याप्रमाणे बारा वर्षे तेथे राहिले. तपस्विनी मुक्ताबाईंची भेट तेथलीच. पुढे परिभ्रमण सुरू झाले. आंध्रदेशी वरंगळच्या बाजूस जाणे झाले, तेथे हंसांबेशी विवाह झाला आणि तोही संसार सोडून स्वामी पुन्हा वाटेस लागले. भंडारा येथे नीळभट्ट भांडारेकार भेटले आणि काही काळ सोबत राहिले. त्यांचा देहान्तही स्वामींच्या सन्निधानीच झाला. लोणार येथे यादव राजा कान्हरदेव दर्शनास आला. कान्हरदेवाचे राज्य १२४७ ते १२६१ असे होते, एवढ्यावरून या परिभ्रमणाचा काळ ध्यानात येतो. शेवटी पैठणास बाइसा, म्हणजे पूर्वीच्या नागूबाई, यांची भेट झाली आणि एकांक संपला.

या क्रमात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एकदा ऋद्धिपूर झाल्यानंतर स्वामींच्या वाटेला गंतव्य असे राहिले नाही. यात्रेकरू तीर्थाकडे चालतो, व्यापारी पेठेकडे, सैनिक मोहिमेवर, आणि माहेरवाशीण माहेराकडे. प्रत्येकाच्या पावलाला पुढचे गाव ओढीत असते. स्वामींच्या पावलाला ओढ नव्हती. कधी ओस देऊळ, कधी नदीचा काठ, कधी झाडाचे मूळ. गावात शिरणे झाले तर भिक्षेपुरते, आणि भिक्षा झाली की पुन्हा विजन. ज्याला कोठे पोहोचावयाचे नाही, त्याला उशीर होत नाही. म्हणूनच अशा चालण्यातील प्रत्येक दिवस स्वतंत्र असतो. तो उद्याच्या मुक्कामाची पायरी नसतो. आपण ज्या दिवसाचा विचार करणार आहोत, तो अशांपैकीच एक.

एके दिवशी स्वामी रानात एका झाडाखाली बसले होते. एवढ्यात एक ससा धावत आला. मागे कुत्री लागली होती, कुत्र्यांच्या मागे शिकारी होते. ससा धावून धावून थकला होता. रानात लपावयाला झुडपे होती, बिळे होती. पण तो आला तो स्वामींच्या जवळ, आणि त्यांच्या जानूखाली शिरून राहिला. कुत्री तेथवर आली आणि उभी राहिली. पुढे झाली नाहीत. थोड्या वेळाने शिकारीही आले. ससा कोठे आहे हे त्यांना दिसतच होते. त्यांनी तो सोडून द्यावा अशी विनंती केली.

येथे थांबून प्रसंगाचे अवधान नीट घेतले पाहिजे. शिकाऱ्यांनी दांडगाई केली नाही, विनंती केली. ससा त्यांनी उठविलेला, त्यांच्या कुत्र्यांनी दमविलेला; रानाच्या व्यवहाराप्रमाणे तो त्यांचा होता. स्वामींनी नकार दिला, कारण तो शरण आलेला आहे. त्यावर शिकाऱ्यांनी आपली अडचण सांगितली. हा साधा ससा नव्हता, त्याच्यावर होड, म्हणजे पैज, लागलेली होती. तो हाती आला नाही तर आपसांत शस्त्रे निघतील, अशी वेळ होती. म्हणजे एका बाजूला एका मुक्या जीवाचा प्राण, आणि दुसऱ्या बाजूला कित्येक माणसांत होऊ घातलेला रक्तपात. एखाद्या हिशेबी माणसाने येथे तराजू काढला असता आणि ससा देऊन टाकला असता. माणसांचे प्राण सशाच्या प्राणापुढे वजनदार, हा हिशेब तसा कोणालाही पटेल.

स्वामींनी तराजू काढला नाही. शरण आलेल्याला मरणाच्या हाती देता येत नाही, हे आपले म्हणणे त्यांनी सोडले नाही. आणि शिकाऱ्यांनाही झिडकारले नाही. ज्या प्राण्यांनी कोणाचे काही घेतलेले नाही, जे रानातील तृण खातात आणि झऱ्याचे पाणी पितात, त्यांना मारण्याचे कारण काय, असे त्यांनी समजाविले. लीळेत निरूपण एवढेच आहे. पण ते बोलणे शिकाऱ्यांच्या अंतःकरणात उतरले. यापुढे आपण शिकार करणार नाही, असे म्हणून ते निघून गेले. पैज राहिली नाही, म्हणून शस्त्रे निघण्याचे कारणही राहिले नाही. ससा वाचला, आणि जी माणसे आपसांत कापली जाणार होती तीही वाचली. ज्या दोन प्राणरक्षणांत विरोध आहे असे वाटत होते, त्यांत विरोध नव्हताच. विरोध होता तो हिंसेच्या सवयीत. ती सुटताच दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या.

शिकारी दूर गेल्यावर स्वामींनी जानू उचलले आणि सशाला आता जावे असे सांगितले. सांगताना त्याला महात्मा या शब्दाने संबोधिले. एरवी हा शब्द संन्यस्त पुरुषाला लावण्याचा. येथे तो भयाने कापणाऱ्या चतुष्पादाला लावला आहे. देहाची आकृती कोणतीही असो, आत जो जीव आहे तो नित्य आहे, आणि जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांत त्याची गणना देहावरून होत नाही. आपल्या तत्त्वज्ञानातील हा सिद्धान्त पुढे निरूपणातून विस्ताराने आला. या रानात तो एका संबोधनात आला आहे. आणि श्रोता कोण, तर ससा. ज्याला शब्द कळत नाहीत त्याच्याशीही आदराने बोलणे, याहून आदराची शुद्ध परीक्षा नाही.

ससा गेला. लीळा संपली. स्वामींनी त्याला पाळला नाही, आपल्या मागे येऊ दिला नाही, त्याच्यासाठी तेथे मुक्काम वाढविला नाही. ज्यांनी शिकार सोडली त्यांचा समुदायही बांधला नाही. रक्षण झाले आणि रक्षणातून कोणतेही बंधन उत्पन्न झाले नाही.

या लीळेवर साधकाच्या मनात दोन शंका येणे स्वाभाविक आहे. त्यांचे समाधान करणे हाच या लेखाचा मुख्य हेतू होय.

पहिली शंका अशी. विरक्ताने उदासीन असावे. गावच्या भांडणात, लोकांच्या व्यवहारात त्याने पडू नये. आचारधर्मात एकाकी राहणे, देशाच्या टोकाकडील भागात झाडाखाली काळ घालविणे, ओळखीच्या लोकांचा संबंध टाळणे, हे वारंवार सांगितले आहे. मग स्वतः एकाकी परिभ्रमण करणाऱ्या स्वामींनी शिकाऱ्यांच्या व्यवहारात का पडावे? शिकार हा त्यांचा परंपरागत उद्योग, पैज हा त्यांच्या आपसांतील मामला. झाडाखाली बसलेल्या पथिकाने डोळे मिटून स्मरण करावे, हेच योग्य नव्हे काय?

समाधान असे की, स्वामी त्या व्यवहारात गेले नाहीत, तो व्यवहार त्यांच्या जानूखाली आला. या दोहोंत फार अंतर आहे. विरक्ताने संबंध शोधू नये हे खरे. परंतु शरण आलेल्याला दूर लोटणे म्हणजे उदासीनता नव्हे, ती निर्दयता होय. एकाकीपणा हा आसक्तीचा त्याग आहे. मला कोणी हवे आहे, ही भावना सोडणे म्हणजे एकाकी होणे. मी कोणालाही नको आहे, असा त्याचा अर्थ नाही. उलट ज्याला कोणाकडून काही नको, त्याच्याकडेच भ्यालेला जीव निर्भयपणे येऊ शकतो. त्या दिवशी रानात सशाला शिकाऱ्यांचे भय होते, कुत्र्यांचे भय होते. झाडाखाली बसलेल्या एका मनुष्याचे मात्र भय वाटले नाही. अहिंसेच्या सिद्धीची याहून दुसरी खूण ती कोणती? आपल्यामुळे मुंगीलाही वैधव्य येऊ नये, इतक्या सूक्ष्मतेने ज्यांनी पुढे अहिंसेचा आचार निरूपिला, त्यांनी तो आधी असा रानात दाखविला होता, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे सूत्र आणि लीळा यांचे नाते कळते.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. परमेश्वर अवताराचे परिभ्रमण आणि जीवाचे अटन यांची बरोबरी करावयाची नसते. स्वामींना अटनाने काही मिळवावयाचे नव्हते. ते जीवोद्धरणाच्या व्यसनाने फिरले. आपले अटन आपल्या दोषनाशासाठी आहे. कुत्री आपल्यासमोर थांबतील, शिकारी आपल्या एका वाक्याने शिकार सोडतील, अशी अपेक्षा साधकाने धरली तर तो अहंकारच होईल. लीळा ही स्मरणासाठी आहे, आचरणासाठी सूत्र आहे. मात्र लीळेचे स्मरण शुद्ध झाले तर सूत्राचे आचरण कोरडे राहत नाही. अहिंसा हा केवळ निषेध न राहता त्याला करुणेचा ओलावा येतो. ससिक-रक्षणाच्या स्मरणाचे फळ हेच आहे.

दुसरी शंका याहून वेगळ्या प्रकारची आहे. त्या रानात स्वामींबरोबर भक्त कोणीच नव्हता. ससा निघून गेला, शिकारी निघून गेले. मग या दिवसाची हकीकत लीळाचरित्रात आली कशी? पूर्वार्ध-उत्तरार्धाला साक्षीदार आहेत, एकांकाला साक्षीदार कोण?

समाधान असे की, एकांकाचे साक्षी स्वामी स्वतःच होत. पुढे भक्तजन सन्निधानी असताना प्रसंगपरत्वे त्यांनी श्रीमुखे या पूर्ववृत्ताचे कथन केले. कोणी काही विचारले, काही विषय निघाला, त्या ओघात मागील वाटेवरची एखादी गोष्ट सांगितली गेली. ऐकणाऱ्यांनी ती जपली. स्वामी उत्तरापंथे गेल्यावर हे कथन निरनिराळ्या भक्तांच्या स्मरणात विखुरलेले राहिले. कोणी ऋद्धिपुरी होता, कोणी गंगातीरी होता, कोणी आपल्या गावी शेतीभातीत होता. कित्येकांचे वय झाले होते. ते स्मरण त्यांच्याबरोबरच गेले असते, तर आज आपणास ना ससा ठाऊक असता, ना सालबर्डीचा डोंगर.

हे जाणून ज्यांनी कंबर कसली ते सराळ्याचे म्हाइंभट. मूळचे मोठे विद्वान, आणि विद्येचा अभिमानही तितकाच मोठा. स्वामींच्या भेटीत तो अभिमान गळाला. पुढे आचार्य नागदेवांच्या सन्निधानी राहून त्यांनी लीळा लिहून घेतल्या. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्याने ज्याने स्वामींना पाहिले वा ऐकले, त्याच्या त्याच्याकडे ते पायी गेले. एखादा भक्त शेतात राबत असेल तर त्याच्या कामाच्या मागेमागे राहून त्यांनी त्याच्याकडून लीळा ऐकली, अशी त्यांची आठवण परंपरेत सांगतात. ज्या पंडिताच्या दारी विद्यार्थी यावेत, तो पंडित कष्टकऱ्याच्या मागून ढेकळांतून चालतो आहे, हे चित्र साधकाने मनात ठेवण्यासारखे आहे. १२७८ च्या सुमारास ग्रंथ सिद्ध झाला. पुढे यादवांचे राज्य मोडले. त्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा हिराइसांसारख्यांच्या पाठांतरातून तिचे पाठ पुन्हा उभे राहिले.

म्हणजे एका एकाकी दिवसाची ही गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचण्यास किती जणांचे चालणे आणि किती जणांचे स्मरण खर्ची पडले आहे! स्वामींच्या चालण्याला गंतव्य नव्हते. म्हाइंभटांच्या चालण्याला प्रत्येक पावलाला गंतव्य होते. पण दोहोंत विरोध नाही. नाम, मूर्ती, लीळा व चेष्टा हे स्मरणाचे आधार होत. लीळाच नाहीशा झाल्या असत्या, तर पुढील साधकाने झाडाखाली बसून स्मरण कशाचे केले असते? पुढच्या साधकांच्या अटनाला विषय राहावा, म्हणून म्हाइंभट चालले. त्यांचे चालणे हीही सेवाच होय.

आता आपल्या स्वतःच्या आचाराकडे वळावे. अटनाचा आचार आज पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे आपण सर्वच जाणतो. मार्गात आगगाडी आली, मोटार आली. आश्रम व मंदिरे यांचा व्याप वाढला आणि तो सांभाळण्यात साधूंचे दिवस जाऊ लागले. त्याची आवश्यकताही आहे. परंतु वर्षातून काही दिवस तरी, स्थान न ठरविता, ओळखीची गावे टाळून, भिक्षा, विजन आणि स्मरण या क्रमाने चालावे. मग ससिक-रक्षणाची लीळा वाचण्यात आणि ती आठवण्यात किती भेद आहे, हे आपोआप कळेल. चालून थकलेल्या माणसालाच थकून आलेल्या सशाची धाप ऐकू येते.

गृहस्थ वासनिकांना हे कसे साधावे, असा प्रश्न येईल. कल्याणची खाडी ओलांडून भिवंडीकडे जाताना लागणाऱ्या कोन गावाचे उदाहरण घेऊ. खाडीपलीकडच्या कल्याण बंदरातून नाणेघाट चढून जुन्नरवरून पैठणकडे जाणारी व्यापारी वाट फार प्राचीन. ज्या पैठणात एकांक संपतो, त्या पैठणाशी हा भूभाग असा वाटेने जोडलेला आहे. आज तेथील रस्त्यावरून मालमोटारींची रांग चालते, आणि गोदामांच्या मुलखात विजन म्हणून दाखवावे असे झाड सापडणे कठीण. अशा ठिकाणी राहणाऱ्या उपासकाला रानात जाता येणार नाही. पण दाराशी येणारे कोणी ना कोणी असतेच. उन्हाने जीभ बाहेर काढलेले कुत्रे, कामाच्या शोधात दूरदेशाहून आलेला मजूर, घरच्या कलहाला भिऊन शेजारी धावत आलेली बाई. हे आपण शोधावयास गेलेलो नसतो. ते आपल्या जानूपाशी आलेले असतात. त्या वेळी मनातल्या मनात तराजू काढावा की जानू थोडे वर उचलावे, एवढाच निर्णय करावयाचा असतो.

आणि निर्णय केल्यावर त्याचे स्मारक उभारू नये. भय ओसरले की त्या जीवाला आदराने वाट मोकळी करून द्यावी. त्याने उपकार मानावा, मागे यावे, नाव घ्यावे, ही इच्छा म्हणजे पुन्हा आसक्तीच. सशाने मागे वळून पाहिल्याचे लीळेत नाही. तो रानात निघून गेला, आणि स्वामीही आपल्या वाटेने पुढे निघाले.